रैनूबाईची हो

मंकूभाऊंचा फोन आला तेव्हा मी गडचिरोलीतल्या भाड्याच्या खोलीत प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाशी झटापट करत होते. मंकूभाऊ आमच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. फोनवर लांबण लावणं त्यांना जमत नाही. "पोरी, रैनूबाई गेली. झोपली ते उठलीच नाई..." एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "तू सांगायले येणार होती ना तिले?" मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला आधी रडू नाही आलं, राग आला. मला अडवून धरणारी बाई, नेमकी ऐकायची वेळ आली तेव्हाच कशी निघून जाते?

रैनूबाई आमच्या शेजारची. तिचा नवरा मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं त्याला नेलं, तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर ती त्याविषयी कुणाशी बोलली नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांशी नाही, पेपरात फोटो छापायला आलेल्यांशी तर नाहीच. पुढे मी मानसशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि विषय घेतला तो हाच, वाघानं माणूस नेलेल्या घरांतलं दुःख. मला वाटलं होतं, सगळ्यात आधी हीच बोलेल, घरचीच पोर म्हणून. कसलं काय!

फेलोशिप मंजूर झाली होती, फक्त हातात येत नव्हती. खालचा बाबू म्हणे कागद वर गेलेत, वरचे म्हणत खालून आलेच नाहीत. कुणी ताकास तूर लागू देईना. लोकांना वाटतं, मानसशास्त्राला कसला आलाय खर्च, ना प्रयोगशाळा ना यंत्रं. पण प्रमाणित चाचण्या विकत घ्याव्या लागतात, गावोगाव भटकावं लागतं, आणि आपल्याशी बोलता बोलता एखादं माणूस कोसळलं तर त्याला सोबत घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे जावं लागतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगून टाकलं होतं, या उन्हाळ्यात मुलाखती सुरू झाल्या नाहीत तर नोंदणी टिकणार नाही. तेव्हा मंकूभाऊंनीच सुचवलं, "सभेपुढं मांड. तेंदूपत्त्याचा पैसा यंदा गावाच्या खात्यात हाये. गावाची पोरगी शिकून राह्यली, गाव नाई पाहील तं कोन पाहील?"

आमच्या सभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. मोहाच्या झाडाखाली सगळे बसतात, एकेकाला विचारलं जातं आणि प्रत्येकानं आपल्या तोंडानं 'हो' म्हणायचं. एकाचीही हो राहिली तर ठराव पडून राहतो. गप्प बसणं म्हणजे होकार, असलं आमच्याकडे चालत नाही. त्या दिवशी हो, हो करत पाळी झाडाच्या बुंध्याजवळच्या सपाट दगडापाशी आली. तो रैनूबाईचा दगड. ती पानाची गुंडाळी दाढेत धरून माझ्याकडे बघत राहिली.

"पैसा कायले पायजे?"

मी सांगितलं. चाचण्यांचंही सांगितलं, त्यात छापील प्रश्न असतात, ते विकत आणावे लागतात.

"म्हंजे दुःख आमचं, अन् प्रश्न इकत आणायचे?" लोक हसले. ती हसली नाही. "तुह्या शिकण्याले माहा इरोध नाई. पण आमचं रडणं तू तिकडं नेशील, अन् तेही गावाच्याच पैशानं. माही हो नाई."

ठराव पडून राहिला. घरी येऊन मी आईवर विनाकारण ओरडले. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. पुढची सभा भरेपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मॅडमचे फोन मी उचलतच नव्हते. आईनं रैनूबाईची मनधरणी करून पाहिली, तिनं चहा पाजून परत पाठवलं. सभेत पुन्हा पाळी त्या दगडापाशी आली.

ती म्हणाली, "इचारून राह्यली तं इचार. पण जे नेशील ते आधी इथी येऊन सांगशील, या झाडाखाली, आपल्या बोलीत. मोठ्या लोकायले मंग. कबूल असंल तं माही हो."

मी कबूल म्हटलं. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

मुलाखती झाल्या. माणसं बोलली, रडली, काहींनी मला हाकलूनही दिलं. रैनूबाई तेवढी बोलली नाही. विचारलं की म्हणायची, "काऊन घाई करतं?" आणि मग मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी तिच्या पडवीत नुसती बसले होते, रेकॉर्डर नाही, काही नाही. ती टोपलीतल्या टोळ्या, मोहाच्या बिया, फोडत होती. हात न थांबवता तिनं सांगायला सुरुवात केली. त्या पहाटे घरातून निघताना दोघांत काय बोलणं झालं होतं ते... सगळं. इतकी वर्षं ती काय घेऊन जगत होती ते मला त्या दिवशी कळलं. संपल्यावर पदरानं हात पुसत म्हणाली, "हे कागदावर नको." मी मान हलवली. तिनं मान हलवणं चालवून घेतलं नाही. "तोंडानं बोल." मी हो म्हटलं. तीच आमची शेवटची भेट.

ती गेल्यावर मॅडमना मी एवढंच सांगितलं, की एक मुलाखत होती, पण वापरता येत नाही. मॅडम वाईट नाहीत, माझ्यासाठी त्या पुष्कळ भांडल्यात. पण म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण पोकळ वाटतंय. आता त्या बाई नाहीत. नाव, गाव बदलून घेता येईल का? विचार करा." मी विचार केला. खोटं कशाला बोलू, लिहूनही पाहिलं. ते प्रकरण एकदम उभं राहिलं. माझ्या सगळ्या प्रबंधात तेवढं खरं दुसरं काही नव्हतं. कुणाला कळणार होतं? ज्या बाईला कळलं असतं, ती मातीत होती. दोन्ही प्रती, एक तिच्याशिवायची आणि दुसरी तिचं सांगणं असलेली, पिशवीत घालूनच मी गावाला निघाले.

झाडाखाली सगळे जमले होते. रैनूबाईच्या दगडावर कुणी बसलं नव्हतं. मी बोलायला लागले, आपल्या बोलीत, जमेल तसं. कुणाच्या घरात अजून दोन ताटं वाढली जातात, कोण जंगलाकडे पाठ करून झोपतं, लहान पोरं कसले खेळ खेळतात. कुणी मध्येच उठून गेलं, तोंड धुऊन परत आलं. शेवटी मंकूभाऊंनी विचारायला सुरुवात केली, हे मोठ्या लोकांकडे जाऊ द्यायचं का? हो. हो. हो... पाळी दगडापाशी आली आणि मंकूभाऊ थांबले. पुढच्याकडे गेलेच नाहीत. सगळे थांबले, ती पान चघळत वेळ लावायची तेव्हा थांबायचे तसे.

मग ते माझ्याकडे वळले. "रैनूबाईचं काय लिवलं, पोरी?"

पिशवी माझ्या मांडीवर होती.

"तिनं मले सांगतलं होतं भाऊ," मी म्हटलं. "पण कागदावर नको म्हणे. नाई लिवलं."

मंकूभाऊंनी दगडाकडे पाहिलं. "मंग तिची हो हाये," ते म्हणाले, आणि पुढच्याला विचारलं.

घरी येऊन ती दुसरी प्रत मी आईच्या चुलीत घातली. शेवटचं प्रकरण पोकळ वाटतं ते वाटतंच. फेलोशिपचं अजून काही कळलेलं नाही. परवा पुन्हा गावाला गेले तेव्हा सभेला गर्दी होती, बसायला जागा नव्हती, तरी तो दगड मोकळा होता. मी त्याच्या शेजारी खाली मातीत बसले. त्या दुपारी ती काय म्हणाली, ते मी इथंही लिहिणार नाही.