अर्थची पिन

माझा मुलगा एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात माईक धरून थरथरत होता. समोरची पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, गाण्यात रंगलाय.

ऐरोलीत आमच्याच सोसायटीचा कार्यक्रम होता. त्याचा चौघांचा बँड रबाळ्याच्या एका गाळ्यात सुरू झाला होता. गिटारीवर मराठीत रडगाणी गायचे. मी म्हणायचे, "मेल्यांनो, कुणाचं मयत झालंय का?"

"आई, याला ब्लूज म्हणतात."

"नाव काही ठेव, रडणं ते रडणंच."

गाळ्यात गिटारीचा स्पीकर सारखा घूं घूं करायचा. प्लगमधली अर्थची पिन काढली की आवाज जातो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी ती तिसरी पिनच तोडली. आवाज गेला. पुढे कॉलेजांतून बोलावणी यायला लागली, पिन मात्र कुणी बसवली नाही. त्या दिवशी स्पीकरमध्ये बिघाड झाला आणि करंट गिटारीच्या तारांत उतरला.

ड्रमवाल्याच्या ध्यानात आलं, त्याने धावत जाऊन बटण बंद केलं. तोवर उशीर झाला होता.

बँड तिथेच संपला. ते तिघे जगले, आणि मी जगले.