ग्रीसला नेलेलं दही

इरा, नील, तुमच्या आजीने ग्रीसला जाताना सोबत दही नेलं होतं, हे खरं आहे. पण नील सिडनीतल्या मित्रांना सांगतो की आजीने 'युअर मॅन'चा ब्रेकफास्ट चोरला, ते तितकंसं खरं नाही. ('युअर मॅन' म्हणजे आयरिश बोलीत कुणीही परका गृहस्थ. हेही त्यांना समजावत जा.) म्हणून एकदा नीट लिहून पाठवते.

तेव्हा आपण सगळे आयर्लंडमध्ये, ओंगारला एकत्र होतो. घर आठवडाभर बंद राहणार म्हणजे विरजण जाणार! ते माझ्या सासूबाईंचं, पुण्याहून आणलेलं. त्या गेल्यावर त्यांच्या हातचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. तुमचा बाबा म्हणाला, "आई, तिथे घरोघरी दही असतं."

"असेल. ते त्यांचं."

स्टीलचा डबा मोज्यांत गुंडाळून सुटकेसमध्ये गेला.

ग्रीसमधलं आपलं बेट किनाऱ्याच्या इतकं जवळ होतं की बोटवाल्याची सिगारेट संपायच्या आत आपण उतरलो. इकडचा कुत्रा भुंकला की पलीकडचा उत्तर द्यायचा. आजोबा म्हणाले, एवढं तर पोहत आलो असतो. (आजोबांना पोहता येत नव्हतं.)

घरमालकीण एलेनीबाईंनी आल्याआल्या वाडगाभर अंजिरं दिली. मी त्यांच्याकडून दूध घेऊन नेमाने विरजण लावत होते. एका सकाळी तुम्हा दोघांना घेऊन शिंपले वेचायला गेले आणि परत येऊन बघते, तर माझा डबा स्वच्छ घासून पालथा घातलेला.

"दही कुठे आहे?"

"एलेनीबाईंच्या वाडग्यात घालून दिलं," आजोबा चष्मा पुसत म्हणाले. "रिकामं भांडं कसं परत करायचं?"

हा नियम त्यांना मीच लावला होता, लग्न झाल्यापासून. ओला टॉवेल पलंगावर टाकू नये हाही लावला होता, पण तो काही लागला नाही!

"सगळं दिलंत?"

"अर्धा वाडगा बरा दिसतो का?"

मी जिन्यावरून धावले. खाली एलेनीबाईंनी ते दही मध घालून पाहुण्यांच्या नाश्त्याला मांडलं होतं. वाडगा चाटून पुसून साफ. फक्त एका जर्मन गृहस्थांच्या वाटीत शेवटचा घास उरला होता, आणि त्यांनी चमचा उचलला. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐन वेळी पळालं.

"थांबा!" मी चक्क मराठीत ओरडले आणि वाटी ओढून घेतली.

आजोबा जिन्यावरून शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "ती शिक्षिका होती." जणू त्यात सगळं आलं. एलेनीबाईंना वाटलं, बाई फार दिवसांची उपाशी आहे. त्यांनी पुढ्यात पाव ठेवला. त्या भल्या गृहस्थांनी आपलं अंडंही माझ्याकडे सरकवलं.

मी तो घास मधासकट कोमट दुधात घातला आणि दिवसभर डब्यापाशी बसून राहिले. समुद्र तुम्ही पाहिलात. संध्याकाळी दही लागलं.

आता तुम्ही सिडनीला, आजोबा नाहीत, आणि मी इकडे आयर्लंडमध्येच, ॲथलोनला तुमच्या आत्याकडे. सोवळ्याच्या बाबतीत अतिशय कडक असलेल्या माझ्या सासूबाईंच्या विरजणात एका जर्मन गृहस्थांचं उष्टं मी स्वतःच्या हाताने मिसळलं आहे. वर भेटतील तेव्हा काय सांगायचं, ते आजोबा बघून घेतील. दही त्यांनीच दिलं होतं.

आज सकाळीही छान लागलं होतं.