तुस्कानोंची हिवाळी रजा

आमच्या दाराला जे भिंग आहे ना, त्यातून समोरच्या लिओनार्ड तुस्कानोंचं दार अख्खं दिसतं. यात माझा दोष नाही. बिल्डरने तसं बसवलंय. माझी बायको सुनेत्रा म्हणते, भिंगाला तुमच्या डोळ्याचा घट्टा पडलाय. पडू दे. अबुधाबीत नवव्या मजल्यावर दुसरं मनोरंजन काय आहे?

तर नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी बघतो तो काय, तुस्कानो पाय फाकवून कॉरिडॉरमधून चाललेत. लिफ्टपर्यंत गेले, वळले, परत आले. साठीला टेकलेला माणूस, मोठ्या हॉटेलच्या लिननरूमचा इनचार्ज, चादरीची घडी सुतभर चुकली तर पुन्हा उलगडायला लावणारा. आणि चाल ही अशी, बदकाची. मी दार उघडलंच.

"काय तुस्कानोसाहेब, घोडा खाली पार्क केलात का?"

"हसू नको शैलू. प्रॅक्टिस आहे."

मग त्यांनी मोबाइल दाखवला. कॅनडातली त्यांची मुलगी शेनॉन. डोंगरातलं कुठलंसं पार्क, गोठलेलं तळं, पांढरी झाडं, आणि बुटांखाली रॅकेटसारखं काहीतरी रुंद बांधून ती बर्फावरून थपाक थपाक चाललेली. त्याला स्नोशू म्हणतात. त्याने पाय रुतत नाहीत. शेवटी धापा टाकत ती कॅमेऱ्यात बघून म्हणते, "पपा, यू मस्ट कम! वी विल वॉक द होल लेक टुगेदर!"

"बोलावलंय तिने," तुस्कानो म्हणाले. "पाय एकमेकांपासून लांब लांब टाकायचे असतात. नाहीतर आपल्याच पायावर आपला पाय पडतो."

बायको, अँजेला, गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या दारातून जा-ये करणारा माणूस एकच. आता त्याला जायला तळं सापडलं होतं. पुढच्याच आठवड्यात हॉटेलाने मोडीत काढलेल्या, ब्रेड ठेवायच्या दोन लांबट करंड्या बुटांखाली दोरीने बांधून ते बिल्डिंगमागच्या वाळूच्या प्लॉटवर फेऱ्या घालू लागले.

वॉचमन मुश्ताकने मला बाजूला घेतलं. "शैलेंद्रभाई, साहब की तबियत ठीक है ना?"

"एकदम ठीक," मी म्हटलं. "कॅनडा जा रहे हैं. पैदल."

खरी अडचण रजेची होती. हॉटेलवाल्यांना हिवाळ्यात रजा नसते. इथला सीझनच तो. सत्तावीस वर्षं हा माणूस जुलैतच रजेवर गेला. पण बर्फ काही जुलैत पडत नाही. तीनदा अर्ज केला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा जानेवारीतले तीन आठवडे मिळाले, तेव्हा दहावीचा निकाल दाखवावा तसा त्यांनी मला तो मेल दाखवला. "खलास शैलू, काम झालं, मिळाली! व्हिसा तर अँजेला असताना काढलेला, दहा वर्षांचा आहे. आता फक्त पोरीला सांगायचं."

त्या संध्याकाळी मी कचरा टाकायला बाहेर होतो. बरं, कचरा नव्हता. पण बाहेर होतो. त्यांचं दार अर्धवट उघडं, फोन स्पीकरवर.

"ओ पपा... यू अ‍ॅक्च्युअली टूक लीव्ह? जानेवारी इज सो क्रेझी फॉर अस. आय मेन्ट समटाइम, पपा. कम इन समर, ना?"

"समरला बर्फ कुठे असतो, बाळा?"

आणि हेच मोठ्याने हसले. "नो, नो प्रॉब्लेम. आय वॉज ऑल्सो जस्ट आस्किंग."

ही बातमी मी खाली पोचवली नाही. सुनेत्रालासुद्धा सांगितली नाही. कारण माझेच कान तापले होते. अकरा वर्षं लिफ्टमध्ये मी या माणसाला म्हणतोय, "तुस्कानोसाहेब, या एकदा जेवायला." ते म्हणतात, "येतो, येतो." लिफ्ट उघडते, विषय संपतो.

जानेवारी आला. मिळालेली रजा परत कशी करायची? ते घरीच बसले. दिवसातून एकदा दार उघडायचं, कचऱ्याची पिशवी बाहेर यायची, दार बंद. चाल आता साधी, पाय जवळजवळ.

एका रविवारी दुपारी लिफ्टमध्ये भेटले. माझं तोंड ते, सवयीने बोललंच, "या एकदा जेवायला."

ते मजल्यांचे आकडे बघत होते. "कधी?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता. चादरी कधी येणार, असं लॉन्ड्रीला विचारावं तसं विचारलं. पाच गेला, सहा गेला, सात गेला.

"आत्ता," मी म्हटलं.

घरात दोघांपुरताच फोडणीचा भात. सुनेत्राने माझ्याकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही, पण दोन पापड जास्त भाजले. तुस्कानो ताठ बसून जेवले, हात पुसलेल्या नॅपकिनची चौकोनी घडी केली. आणि सुनेत्राने अगदी मायेने विचारलं, "मग अंकल, कॅनडाला कधी निघताय?"

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. बसली ती तुस्कानोंना.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"तरी सांगितलं होतं शैलू," ते म्हणाले, "पाय लांब ठेवत जा."

आम्ही तिघंही हसलो. तळ्याची चौकशी पुन्हा कोणी केली नाही.

ते गेल्यावर मी भिंगाशी. स्वतःच्या दारापुढे ते किल्ली हातात धरून बराच वेळ उभे होते. मग आत गेले. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं आणि त्या दोन करंड्या कचऱ्याच्या पिशवीशेजारी आल्या. दोरी गुंडाळलेली, एकीत एक नीट बसवलेल्या.