चातीबीचं टोपडं

सन १९५३. दिवाळी उलटून आठवडा झाला होता आणि मी मागच्या अंगणात रिठ्याच्या कोमट पाण्यात घरातले स्वेटर भिजत घालून बसले होते. जुन्नरची थंडी एकदा आली की माघ संपेपर्यंत हटत नाही, म्हणून हे काम मी वेळेवर उरकते. तेवढ्यात परसदारातून चातीबी आत आली. हातातली चाती फिरतच होती. तिने फाटक पायाने लोटलं, कोपराने कडी घातली, आडव्या आलेल्या मांजराला दटावलं, मला रामराम केला, आणि या सगळ्यात तिचा धागा एकदाही तुटला नाही.

चाती म्हणजे धनगरांच्या बायका लोकरीचं सूत काढतात ती लाकडी काडी, खाली चकतीचं वजन असलेली. बाकीच्या बायका ती बसून फिरवत. चातीबी चालताना फिरवी, नळावर नंबर लावून फिरवी, भांडतानासुद्धा फिरवी. मनगटाला लोकरीचा पेळू गुंडाळलेला असे आणि बोटांतून सूत उतरत असे. तिचं खरं नाव जैनब, पण ते गावात फार थोड्यांना माहीत होतं. नवरा पिंजारी, घरोघर गाद्या पिंजणारा. चाती ती शेतात मेंढरं बसवायला आलेल्या धनगरणींकडून शिकली. विणकाम मात्र शिकली पुण्याच्या लष्कर भागात, लहानपणी एका मडमेचं पोर सांभाळताना. "मडमनं शिकवलं न्हाई," ती सांगायची. "पोर झोपायचं, ती इणायची, मी बघायची. बघायला कोन पैसं घेतंय?"

त्या दिवशी तिने माझा एक स्वेटर पाण्यातून वर काढला आणि बाही बोटांत चोळून पाहिली. विचारायची पद्धत तिच्याकडे नव्हती. कोणाच्याही अंगावरचं विणकाम ती अशीच चिमटीत धरून बघे, मग तो मामलेदार का असेना.

"धागा झ्याक हाय, मास्तरीणबाई. पर मुका हाय. गिरनीचा धागा काय बोलतच न्हाई."

"मला तो अंगात घालायचाय भाभी, त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत," मी म्हटलं.

ओट्यावर माझी मुलगी कुसुम बसली होती. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती हसली, पण माझ्या बोलण्याला नाही. म्हणाली, "आई, रागावू नकोस. तुझ्या विणीत चूक नसते, पण ती लोकर टोचते. बाळाचं बारशाचं टोपडं भाभींनाच विणू दे."

मी रागावले नाही. मी स्वेटर पिळला. नेहमीपेक्षा जरा जास्त पिळला असेन.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पुण्याला सहा महिने शिकून विणकामाचं प्रमाणपत्र घेतलेलं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी चौदा मुलींचा वर्ग घेत होते. माझ्या सुया नंबराच्या होत्या, नमुने वहीत उतरवलेले होते आणि मी टाके मोठ्याने मोजायला शिकवत असे. चातीबीच्या सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या काड्या, दगडावर घासून टोक काढलेल्या. वही नाही, मोजणी नाही. एकदा मी तिला विचारलं, "न मोजता चुकत कसं नाही?" ती म्हणाली, "मोजत्यात की बोटं. मी कशाला त्यांच्या मदी पडू?" मला तिचा हेवा वाटे. हे आज लिहिते आहे. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत असे.

एका गुरुवारी वर्गाला तीनच मुली आल्या. बाकीच्या कुठे म्हणून चौकशी केली तर त्या पिंजारआळीत, चातीबीच्या ओसरीवर. पायमोज्याची टाच वळवायला शिकत होत्या. टाच हा माझा कच्चा भाग. माझ्या मोज्याला टाचेशी हमखास एक चोच येते, आणि मुलींना ते ठाऊक होतं. मी तिथे जाऊन उभी राहिले. चातीबी लगेच उठली, स्वतःचं बसकूर मला दिलं आणि मुलींना म्हणाली, "चला गं, उठा. तुमच्या बाई आल्या. मला अडाणीला काय येतंय?" जो माणूस असं म्हणतो त्याच्यावर उघड रागावता येत नाही. मग राग आत मुरतो, आणि मुरलेला राग वाईट.

मेंढ्यांची कातरणी झाली की मंचरच्या बाजारात लोकर येते. एरवी जिथे कांदा-बटाट्याच्या पोत्यांची थप्पी लागते तिथे त्या दिवशी घोंगड्या पसरून धनगर बसतात, पुढे काळ्या, तपकिरी, करड्या लोकरीचे ढीग. घोंगडी विणणारे सणगर लांबलांबून येतात. सगळीकडे मेंढ्यांचा वास. चातीबी वर्षभर या दिवसाची वाट पाही. कुसुमच्या टोपड्यासाठी तिला जावळ हवं होतं, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली लोकर. "पैल्या बाळाला पैलं केस," ती म्हणाली. "त्याच्याहून मऊ दुनियेत काय न्हाई." मीही येते म्हटलं. सोबत म्हणून नव्हे. बाळाच्या आजीने विणलेलं टोपडंच बारशाला चढणार, आणि तेही हिच्या लोकरीपेक्षा चांगल्या लोकरीचं, असं मी ठरवलं होतं.

एसटीतून उतरल्यापासून ती लहान मुलीसारखी झाली होती. प्रत्येक ढिगाशी उकिडवी बसायची, लोकरीची एक बट ओढायची, दोन्ही टोकं चिमटीत धरून कानाशी नेऊन झटका द्यायची आणि ऐकायची. चांगली असेल तर बट टणकन वाजते. मेंढरू वर्षात कधी आजारी पडलं असेल तर तेवढ्या जागी ती करकरते.

"ही रडती," ती एका धनगराला म्हणाली. "तुझी मेंढी आखाडात आजारी व्हती का रं भाऊ?"

"व्हती की चाची, पंधरा दिस! तुला कोन म्हनलं?"

"हीच म्हनली," चातीबीने बट त्याच्या हातात दिली. आजूबाजूचे चार धनगर हसले, एकाने तिला चहा मागवला. मला या बाजारात कोणी ओळखत नव्हतं. कुणी ओळखावं असं कारणही नव्हतं, तरी ते मला लागलं.

अडचण एकच होती. आपल्याकडची मेंढी काळी, आणि काळं टोपडं बारशाला चालत नाही. चातीबीला हे मी सांगितलं नव्हतं. तिला आमच्या रीती माझ्याइतक्याच ठाऊक होत्या. म्हणून ती उन्हात ढिगामागून ढीग उपसत फिकं जावळ शोधत होती. मूठभर इथे मिळे, मूठभर तिथे. मी एवढा वेळ घालवणार नव्हते. बाजाराच्या टोकाला एका व्यापाऱ्याकडे मला पांढरीशुभ्र लोकर दिसली. काटा नाही, लेंडी नाही, धुतल्यासारखी स्वच्छ. मी होती तेवढी सगळी घेतली, मुद्दाम. तिला त्यातली चिमूटही उरू नये म्हणून.

परतीच्या एसटीत चातीबीने माझ्या पिशवीत हात घातला. बट काढली, कानाशी नेली, मग नाकाशी. तिचा चेहरा उतरला. "मास्तरीणबाई, ह्यो माल बाळाला नको."

"तुम्हाला मिळाली नाही म्हणून?" मी म्हटलं.

तिने बट परत पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड नीट बांधून दिलं आणि नारायणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. त्या प्रवासात तिने चाती काढली नाही. मी मनात म्हटलं, लागलं वाटतं. आता कळू दे हेवा कसा असतो ते.

ती लोकर माझ्याकडून कातली जाईना. चाती मी विकत आणली होती, दार लावून फिरवत होते. सूत वितीवर तुटायचं. नाकात धूळ जायची, बोटांना भेगा पडल्या. मी स्वतःच्या हाताला दोष दिला, नव्या चातीला दिला. शेवटी अवसरीला एक म्हातारी सणगरीण सूत काढून देते असं कळलं, तिच्याकडे पिशवी घेऊन गेले. तिने मूठभर लोकर उन्हात धरली आणि खदखदा हसली.

"अवं बाई, ही कातरल्याली न्हाई, उपाटल्याली हाय. मेल्या मेंढीचं कातडं चुन्यात घालत्यात आन् मग वरची लोकर वरबाडत्यात. ही बगा मुळं." खरंच, प्रत्येक केसाच्या टोकाला बारीक पांढरा कण होता. "ही पोराच्या डोक्याला घातली असती तं पुरळ उठला असता की!"

मी पिशवी तिथेच टाकून आले. हे चातीबीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गिरणीची लोकर आणून घाईने एक टोपडं विणलं, पांढरं, जाळीदार, वहीतल्या नमुन्याबरहुकूम.

पौषात कुसुमला मुलगी झाली. बारशाच्या तीन दिवस आधी चातीबी परसदाराशी आली आणि हिरव्या रुमालातलं पुडकं माझ्या हातात दिलं. "पोरीच्या हातात द्या," म्हणाली, आणि बाळंतिणीची खोली म्हणून आत न येता तिथूनच गेली. कुसुम आत शेगडीशी शेकत होती. मी पुडकं खिडकीशी नेऊन उघडलं. बदामी रंगाचं टोपडं होतं. सायीला हात लावावा तसं मऊ. एका रंगाचं होईल एवढं जावळ तिने मुठीमुठीने जमवलं होतं. मी ते उलटं केलं आणि उजेडात धरून एक-एक ओळ तपासली. सगळे टाके मोजले. एक जरी टाका चुकलेला सापडला असता, तरी मी ते तिथल्या तिथे कुसुमला नेऊन दिलं असतं. सापडला नाही. मी ते कपाटात पातळांच्या खाली ठेवलं.

"भाभी आल्या नाहीत का गं?" कुसुमने संध्याकाळी विचारलं. "कामात असतील," मी म्हटलं.

बारशाला घर भरलं. चातीबी आली ती दाराजवळच बसली. पाळण्यात बाळाच्या डोक्यावर माझं जाळीदार टोपडं होतं. चातीबीने ते पाहिलं, मग वाकून कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "टाका सरळ हाय." तिच्या तोंडून मी ऐकलेली माझ्या कामाची ही पहिली तारीफ. एवढ्यात बाळ रडायला लागलं आणि टोपड्याच्या कडेने कपाळावर उठलेली लाल रेघ कुसुमला दिसली.

"भाभी, माझं टोपडं कुठंय हो? तुम्ही कबूल केलं होतंत."

चातीबीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, जेमतेम एक क्षण. माझ्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं आणि ते खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

"लोकर पुरली न्हाई गं पोरी," ती म्हणाली. "बाजारात नीट बघून घेतली न्हाई मी. चूक माझी."

लोकर पारखायला चुकली असं चातीबी चारचौघींत म्हणाली. मंचरच्या धनगरांनी ऐकलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं नसतं. पण आमच्या घरात जमलेल्या बायकांना वाटलं, आणि कुसुमलाही वाटलं. एक तर म्हणालीसुद्धा, "वय झालं हो आता भाभींचं." चातीबी मान हलवून "व्हय व्हय" म्हणाली, घुगऱ्या पदरात घेतल्या आणि उठली.

पुढे तीन वर्षांनी ती मंचरला लेकीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. मला निरोप मिळाला तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. आता वर्गात लोकर घेताना मी मुलींना बट कानाशी ओढून बघायला लावते, आणि हे मला कोणी दाखवलं तेही सांगते. ते नाव घेताना अजून जीभ जराशी अडते. सवयीने जाईल.

पण मला सांगायची आहे ती बारशाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, आणि कपाटातून हिरवा रुमाल काढून मी कुसुमसमोर ठेवला. चार दिवस तो तिथे होता, हे सांगितलं. का, ते तिने विचारलं नाही. तिने टोपडं हातात घेतलं, गालाला लावलं, मग बाळाला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि स्वतःच्या हाताने ते चढवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. बाळाने एकदा मान वळवली आणि झोपून गेलं.

मी चपला घातल्या आणि पिंजारआळीत गेले. चातीबी ओसरीवर लोकर मोकळी करत बसली होती. वाटेत मी चार वाक्यं जुळवली होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "बसलं का?"

टोपडं बाळाच्या डोक्याला अगदी मापात बसलं होतं. कान झाकून, भुवईच्या वर दोन बोटं सोडून.

"जरा सैल होतंय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या," चातीबी म्हणाली आणि बसायला जागा करून दिली. "डोकं वाढंल."