पुसलेल्या ओळींखाली सरांचं नाव

आमच्या शेजारच्या सोमाजीची लेक दिव्यानी गोंडपिपरीत घरी बसून संगणकाच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. एका यंत्राच्या पोटात तो अनेक आभासी यंत्रं चालवतो आणि प्रत्येकाला वाटतं, सगळी जागा आपलीच. मला हे लगेच पटलं. झाडीपट्टीच्या मंचावर मी एकाच नाटकात राजाही झालो आहे आणि त्याचा कोतवालही.

या यंत्रांना सुरुवातीला थोडी मेमरी बाजूला काढून द्यावी लागते. तिला बफर म्हणतात. तो कोड फार पूर्वी लोकेश सरांनी लिहिला होता. चंद्रपूरच्या कॉलेजात दिव्यानीला या वाटेला लावलं तेही त्यांनीच. तेव्हा जागा तुकड्यातुकड्यानं मिळायची, म्हणून प्रत्येक तुकडा मागणं, तपासणं, परत करणं सरांनी वेगवेगळं लिहिलेलं. आता जागा एकदम मिळते. दिव्यानीनं सगळं एका ठिकाणी आणलं, तशा सरांच्या बहुतेक ओळी उडाल्या. बदल तयार होता, पण ती तो कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवत नव्हती.

"काऊन अडून बसली वं?" मी विचारलं.

"सरांच्याच हातचं पुसून राह्यली, आबाजी. त्यायले कसं वाटन?"

मला वडशाची नाटक कंपनी आठवली. गॅसबत्तीत हवा भरेपर्यंत मी पडद्यापुढे गाणं म्हणायचो. वीज आली, गाण्याची गरज उरली नाही. मालक लटारूभाऊंनी ते काढलं, ते बरोबरच होतं. पण मला कळलं ते पडदा उघडल्यावर. मी तोंडाला रंग लावून आत उभा.

"काढ," ते सगळं तिला सांगून मी म्हणालो, "पण त्यायले आधी सांग."

तिनं आधी सरांनाच बदल दाखवायला पाठवून फोन लावला. सर गडचिरोलीला असतात. त्यांनी बदल शेवटपर्यंत वाचला.

"जागा परत करायचा कोड मी हेमलकशाच्या यष्टीत बसून लिहिला होता," सर म्हणाले. "खड्ड्यानंच तो एवढा वाकडा झाला. काढ त्याले. आन् खाली माझं नाव टाक, तपासलं म्हणून."

कर्नलच्या लोकांत बदलाखाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. दिव्यानीनं ते लिहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबाजी, ते गॅसबत्तीचं गाणं येते का अजून?"

आवाज आता फाटतो. तरी म्हटलं, सगळी कडवी. संपेपर्यंत तिनं पाठवायचं बटण दाबलं नाही.