तिला सोडून साऱ्यांना ठाऊक

माझ्या मोठ्या जावेला आणखी एक बाळंतपण झेपणार नाही, हे गोंदियाच्या डॉक्टरणीनं स्वच्छ सांगितलं होतं. पण सांगितलं तिच्या नवऱ्याला. जावेच्या कानावर ते यायला दोन वर्षं लागली, आणि तोवर तिला सहावा महिना लागला होता. आता माझे केस पांढरे झाले, तरी हे आठवलं की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं, इतका संताप होतो.

आमचं गाव तिरोड्यापासून बैलांच्या दमणीनं दीड-दोन तासांवर. तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि राज्य इंग्रजांचं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा जावेला तीन मुली आणि एक मुलगा होता, आणि पाचव्याचे दिवस भरत आले होते. ती पाचवीही मुलगीच झाली. बाळंतपणानंतर जावेचं रक्त थांबेना. सुईणीनं हात टेकले. तेव्हा दमणीत धानाचं वाळलेलं तणस पसरून तिला तिरोडा स्टेशनावर नेलं आणि रेल्वेनं गोंदियाच्या बायकांच्या दवाखान्यात. सोबत माझे भासरे, म्हणजे जावेचा नवरा. बारा दिवसांनी दोघं परत आले. भासरे म्हणाले, "डॉक्टरीण म्हने, दूध पाजा, अशक्तपणा हाय." एवढंच.

दीड वर्षानं जावेला पुन्हा दिवस राहिले. पाय सुजले, ओठ पांढरे पडले, घागर उचलली की भिंत धरायची. धानकापणी चालली होती, घरातला एकही पुरुष हलायला तयार नव्हता. मी चौथी शिकलेली, मला पाटी वाचता येते, म्हणून सासूबाईंनी मलाच जावेसोबत गोंदियाला धाडलं.

डॉक्टरणीनं तिला तपासलं आणि भडकलीच. "पिछली बार ही तुम्हारे आदमी को बोल दिया था, अब और बच्चा नहीं. जान जाएगी. बताया नहीं उसने?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. तिला हिंदी कळत होती. तरी तिनं विचारलं, "का म्हनते ही?"

मी सांगितलं. तिनं पदर सावरला आणि बाहेर चालू लागली. बोलली ती गाडीची वाट बघत फलाटावर बसलो तेव्हा. "पोट माजं, जीव माजा, अन् मले सोडून साऱ्याईले ठाऊक."

"साऱ्याईले कुठं, भासऱ्याईलेच," मी म्हटलं.

"आत्याबाईलेही ठाऊक असन. तू पाहाजो."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांना ठाऊक होतंच. घरी पोचल्यावर जावेनं सासूबाईंना सरळ विचारलं. सासूबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगून का फायदा होता? तू का नवऱ्याले नाही म्हनलं असतंस?"

"म्हनलं असतं," जाऊ म्हणाली. "म्हनूनच तं नाई सांगतलं तुमी."

सासूबाईंनी सूप आपटून ठेवलं आणि उठून गेल्या.

डॉक्टरणीनं बजावलं होतं की आठवा लागताच हिला माझ्याकडे आणून ठेवा. आठवा लागला तरी घरात कोणी तो विषय काढेना. भासऱ्यांचं म्हणणं, महिनाभर गोंदियात बाई ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील, आणि सुईण काय मेली आहे का. मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते. भासऱ्यांसमोर बोलायची आमच्यात रीतच नव्हती. पदर ओढून भिंतीशी उभं राहायचं, इतकंच. त्या दिवशी मी पदराआडून बोलले.

"डॉक्टरणीनं तुमाले सांगतलं होतं. जाऊबाई गेल्या तं पाच लेकराईले कोन पाहीन?"

भासरे माझ्या नवऱ्याकडे वळले. "तुजी बायको बोलून राहिली."

माझा नवरा खाली बघत राहिला. मला त्याचाही राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजाराला जाणाऱ्या बाईच्या हाती जावेच्या माहेरी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ दमणी घेऊन दारात आला. बहिणीचं गाठोडं त्यानं स्वतः उचललं आणि कोणाला न विचारता तिला थेट गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेला.

मूल मेलेलं जन्मलं. मुलगा होता. जाऊ वाचली, ती केवळ दवाखान्यात होती म्हणून. मी चौथ्या दिवशी पोचले तेव्हा डॉक्टरीण या खेपेस तिच्याशीच बोलत होती. लहानसं ऑपरेशन करून टाकू, मग पुन्हा दिवस राहायची भीती नाही. पण कागदावर नवऱ्याची सही पाहिजे.

"माजा अंगठा घ्या ना," जाऊ म्हणाली.

"तुम्हारा नहीं चलता," डॉक्टरीण म्हणाली. तिलाही ते बोलताना बरं वाटत नसावं, पण कागद तिनं पुढे केला नाही.

भासरे आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका पोरावर घर चालत नाई." सही केली नाही. बाई मरता मरता वाचलेली समोर पडली होती, आणि त्यांना दुसरा मुलगा हवा होता.

त्याच उन्हाळ्यात तिरोड्याहून कोणी शिकलेले गृहस्थ शाळेच्या अंगणात भाषण द्यायला आले. देशात माणसं वाढून राहिली, अन्न पुरत नाही, लोकांनी संततीला आळा घालावा. आम्हा बायकांना मागे, गोठ्याच्या कुडाशी बसवलं होतं. तिथं निम्मं ऐकू येत नव्हतं. भासरे पुढच्या रांगेत मान डोलावत होते. आळा कसा घालायचा, हे त्या गृहस्थांनी सांगितलंच नाही. बायकांना काही विचारायचं आहे का, असंही म्हटलं नाही. मला उठून ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, याची लाज वाटते.

जावेनं मात्र कोणाची वाट पाहिली नाही. घरी आल्यापासून ती मुलींना घेऊन धानाच्या कोठीशेजारी निजायला लागली. भासऱ्यांनी तिच्या वडिलांना आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांना बोलावलं. ती सर्वांसमोर म्हणाली, "मले मरायचं नाई. पाच लेकरं हायेत माजी." म्हातारे घसा खाकरत उठले. तिच्या वडिलांनी तिची बाजूही घेतली नाही आणि तिला नेलंही नाही.

वर्षाच्या आत भासऱ्यांनी दुसरी बायको आणली. पंधरा-सोळा वर्षांची असेल. कायद्याची आडकाठी नव्हती, गावानं जेवण झोडलं. मला वाटलं, जाऊ आता तिच्याशी वैर धरणार. तिनं दुसऱ्या दिवशी त्या पोरीला चुलीपाशी बसवलं, ताटात भात वाढला आणि माझ्यादेखत सांगितलं, "दवाखान्यात जायची वेळ आली तं डॉक्टरणीपाशी तूच बसजो. त्याले एकट्याले आत पाठवू नोको. का सांगते ते आपल्या कानानं आयकजो."

पोरगी घाबरून हो म्हणाली.

तिला दोन मुलं झाली, दुसरा मुलगा. त्यानंतर ती एकदा तापानं आजारी पडली, तेव्हा भासरे तिला गोंदियाला घेऊन गेले. परतल्यावर ते ओसरीवर धुसफुसत बसले होते. डॉक्टरणीनं त्यांना आत बोलावलं, पण ही दाराशी अडून राहिली, म्हणाली, "जे सांगायचं ते मले सांगा." चारचौघांत शोभा झाली म्हणून भासरे चरफडत होते. आत जाऊ आणि ती पोरगी धान कांडत होत्या, आणि जावेला हसू आवरत नव्हतं.