फोंगचाननं डबा वाजवला की

सूप निम्मं भरून झालं होतं. वाफवलेल्या चिकट भाताला कलिंगडाचा रस लावून फोंगचान तो बांबूच्या कड्यात दाबायची, अंगठ्यानं सारखा करायची आणि कडं अलगद उचलून शेजारी पुढची चकती मांडायची. लाम्पांगच्या घराघरांत खाव तेन अशाच होतात. उन्हात खडखडीत वाळवायच्या, मग तळून वर गुळाची धार सोडायची. थंडीचे दिवस होते आणि ऊन कोरडं होतं. दिनदर्शिकेचं एक जुनं पान तिनं शेजारी दगडाखाली दाबून ठेवलं होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर चार गावं एकाखाली एक लिहिली होती: लाम्पांग, फ्रे, रोंग क्वांग, नान.

ही चार नावं तिनं सव्वीस वर्षं बसच्या पायरीवर उभं राहून ओरडली होती. लाम्पांग ते नान जाणारी भगव्या रंगाची बस, छताला पंखे, दारं कायम उघडी. गाडी चालवायला पानकेव, म्हणजे तिचा नवरा, आणि तिकिटं फाडायला फोंगचान. त्याआधी ती त्याच स्टँडवर खाव तेन विकायची. एके दिवशी सकाळी कंडक्टर मुलगी आलीच नाही, मालकानं कपाळाला हात लावला, आणि फोंगचान आपली टोपली चहावाल्या बाईकडे ठेवून "संध्याकाळपर्यंत बघते" म्हणून गाडीत चढली, ती सव्वीस वर्षांनी उतरली.

तिच्या हातात पत्र्याचा लांबट गोल डबा असायचा. आत तिकिटांच्या गुंडाळ्या आणि सुटी नाणी. झाकणाची दोनदा खटखट झाली की गाडी सुटायची. कुठली आजी कुठल्या चिंचेखाली उतरते, कुणाच्या टोपलीत जिवंत कोंबडी दडवलेली आहे, भंतेजींसाठी कुठली जागा राखायची, हे तिला कधी लिहून ठेवावं लागलं नाही. पण तिचं खरं नाव झालं ते पोरांच्या वयावरून. अर्धं तिकीट वाचवायला आया मुलांना मांडीवर घेऊन त्यांचं वय चोरायच्या. फोंगचान पोराला हसवायची, त्याचे दात बघायची आणि आईला म्हणायची, "पुढचे दोन पडून नवे आलेत, सात पुरी झाली." आई मुकाट्यानं तिकीट घ्यायची. सव्वीस वर्षांत एकाही आईला तिला फसवता आलं नाही, असं मालक सगळ्या स्टँडला सांगत असे.

एवढं फिरून तिनं गावं मात्र पाहिली नव्हती. नानला गाडी चाळीस मिनिटं थांबायची. तेवढ्यात गाडी धुवायची, शेवयांचा वाडगा रिचवायचा आणि परत फिरायचं. आणि नानलाच, नदीपलीकडच्या टेकडीवर, तिचा स्तूप होता. बारा प्राण्यांच्या नावांनी फिरणाऱ्या बारा वर्षांत ती सशाच्या वर्षातली. जन्माला येण्याआधी माणसाचा जीव आपल्या वर्षाच्या स्तूपापाशी येऊन थांबतो आणि सगळं आटोपलं की तिथेच परत जातो, म्हणून हयातीत एकदा तरी तिथे डोकं टेकवायला हवं, हे तिनं आजीच्या तोंडून ऐकलं होतं. स्टँडवरून स्तूप दिसत नसे. ती त्या दिशेला हात जोडायची, तोंड पुसायची आणि पायरीवर चढून फ्रेची आरोळी द्यायची.

मागच्या थंडीत पानकेवच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी आत जाळी बसवली. चार महिन्यांपूर्वी त्यांनी सांगितलं की आता हिंडा, फिरा, गावाला जा. पण पानकेव वेताच्या खुर्चीतून उठेना. सकाळी भिक्षेला आलेल्या भंतेजींना भात वाढायला फाटकापर्यंत, बस, तेवढंच. फोंगचाननं नानचं नाव काढलं की तो म्हणायचा, "तू जा. तुझा स्तूप नानला आहे, माझा कुठे आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. तो कुत्र्याच्या वर्षातला, आणि त्या वर्षाचा स्तूप पृथ्वीवर नाही, स्वर्गात आहे. तरुणपणी तो ही थट्टा गाडीत सगळ्यांना ऐकवायचा, की माझ्या स्तूपाला बस जात नाही, तिकीटही लागत नाही. तेव्हा फोंगचानही हसायची. जाळी बसवल्यापासून तो तेच वाक्य हळू आवाजात बोलायला लागला होता आणि बोलताना पायांकडे बघायचा. तिनं एकदा सुचवून पाहिलं की चिआंग माईच्या एका देवळात कुत्र्याच्या वर्षातल्यांची सोय आहे, तिथे जाऊ. तो म्हणाला, ती बदलीची गाडी, मला नको.

तिला नानला जायचं होतं, पण एकटीनं नाही. सव्वीस वर्षं ज्याच्या पाठीमागे उभं राहून ती त्या गावाला गेली, त्याला घरी खुर्चीत ठेवून तिथे हात जोडायचे हे तिच्या मनाला पटेना.

मुलगी ओराथाई रायोंगच्या शाळेत शिकवते. तिनं आपल्या परीनं वाट काढली होती. दाराशी थंड हवेची मोटार येईल, समुद्राकाठचं हॉटेल, चार दिवस तीन रात्री, सोबत वाटाड्या. फोंगचाननं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की वाटाड्या किती वर्षांचा आहे. तेवीस, असं कळल्यावर तिनं विषय बदलला. अख्ख्या तीन जिल्ह्यांना तिनं योग्य ठिकाणी उतरवलं होतं, आता तिला कुणी हाताला धरून न्यायचं?

म्हणून दगडाखालचं ते पान. आज रोंग क्वांगच्या मुक्कामाची सोय करायला तिनं नणंदेला, थिपला, फोन लावला. हात भाताचे, म्हणून फोन मांडीवर ठेवून आवाज मोठा केला. थिप पानकेवपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, पंचाहत्तरीच्या जवळ आलेली, पण आवाज अजून शेताच्या पलीकडे जाईल असा. दोन रात्री राहा, फणसाची भाजी करते, असं सगळं झालं. मग फोंगचान सहज बोलून गेली की यायचं खरं, पण हे कुत्र्याच्या वर्षाचं तुणतुणं वाजवत बसलेत, येतात की नाही कोण जाणे.

"तो कसला कुत्र्याच्या वर्षातला," थिप म्हणाली. "कोंबड्याच्या वर्षातला आहे तो. बुद्धाच्या अडीच हजाराव्या वर्षाचा उत्सव झाला ना, ते कोंबड्याचंच वर्ष. तेव्हा मी त्याला झोळीत घालून देवळात नेला होता. माझा नवा सिन भिजवला त्यानं. नेसल्या नेसल्या. ते मी विसरेन?"

फोंगचानचा अंगठा कड्यातच थांबला. तिनं पायरीवरून विचारायची तसं विचारायला सुरुवात केली. दात होते? थिप म्हणाली, दात कसले, नाळ पडून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ऋतू कुठला? उन्हाळा, सोंगक्रानच्या सणाला देवळाच्या अंगणात वाळूचे स्तूप केले होते, ते अजून मोडले नव्हते. हे दुसऱ्या कुणाचं बाळ नव्हतं ना? थिप चिडली आणि म्हणाली, माझ्या आईला मुलगा एकच झाला, आणि बाई गं, मी तुझ्या गाडीत बसलेले नाही.

मग सगळं हळूहळू उलगडलं. बाप तेव्हा सागाच्या जंगलात कामाला होता. तो वर्षानं परत आला, तालुक्याच्या कचेरीत जाऊन मुलाचं नाव घातलं, आणि कारकुनानं विचारल्यावर चालू वर्षच, म्हणजे कुत्र्याचं, सांगून मोकळा झाला. आई चार वर्षांनी गेली. थिप लग्न होऊन लांब गेली. घरात राहिला तो कागद, आणि पुढे प्रत्येकानं कागदच वाचला.

"लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही बोलला नाहीत?" फोंगचाननं विचारलं.

"मला विचारलं कुणी? आणि बरंच झालं. ससा आणि कोंबडा, कधी जमत नाही म्हणतात. खरं वर्ष कळलं असतं तर भंतेजींनी तिथेच नारळ दिला असता. कागद चुकला म्हणून तुझा संसार झाला."

फोन ठेवला तरी फोंगचान तशीच बसून राहिली. हजारो पोरांचे दात बघितले, आणि चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचं एक वर्ष आपल्याला कमी मोजून दिलं गेलं, हे तिला आधी टोचलं. मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट उजाडली. कोंबड्याच्या वर्षाचा स्तूप लाम्फूनला. खुन तानचा डोंगर ओलांडला की आलंच, आगगाडीनं दोन तास.

ती भाताच्या हातांनीच उठली. पानकेव खुर्चीत डोळे मिटून बसला होता, पण झोपला नव्हता. मुलगी झाल्यापासून ती दोघं एकमेकांना पो आणि मे, म्हणजे बाबा आणि आईच म्हणत.

"पो, तुमचा स्तूप खाली आलाय."

"कुठे?"

"लाम्फूनला."

त्यानं डोळे उघडले. तिनं थिपचं बोलणं क्रमानं सांगितलं, झोळी, सिन, वाळूचे स्तूप, काही न वाढवता. तो ऐकत राहिला. सगळ्यात आधी त्याला आठवली ती नोकरी. मालक साठीला गाडीवरून उतरवायचा. "म्हणजे एक वर्ष मी जास्तच गाडी हाकली," तो म्हणाला. मग म्हणाला की पी थिपचं, म्हणजे थिपताईचं, वय झालंय, तिला काय आठवणार.

"मी विचारलंय. तीनदा."

ती कशी विचारते ते त्याला ठाऊक होतं. आरशात त्यानं शेकडो आयांना तिच्यापुढे गप्प होताना पाहिलं होतं. त्यानं छातीवरून हात फिरवला, जाळी बसवल्यापासून ती सवयच लागली होती, आणि म्हणाला.

"मी जन्माला येण्याआधी लाम्फूनलाच थांबलो होतो म्हणायचं. दोन तासांवर. आणि वर्षभर इथे बसून वर बघतोय."

फोंगचान खुर्चीशी उभी राहिली. अशा वेळी माणसाला चढायला वेळ द्यायचा असतो, पायरीवर हे ती शिकली होती.

तेवढ्यात ओराथाईचा फोन आला. मोटारवाला आजच नक्की करा म्हणतोय, मे, काय ते सांग. आणि बाबांची तब्येत अशी, त्यांना तू त्या खिळखिळ्या बसमधून नेणार, मध्येच काही झालं तर, हेही तिनं पुन्हा ऐकवलं. पोरीचं बोलणं मायेचं होतं, त्यामुळे फोंगचानला ते तोडून टाकवेना. पानकेवनं हात पुढे केला. तिनं फोन त्याच्या हातात दिला, मागच्या बाजूला भाताची शितं चिकटलेली तशीच.

"ओरा," तो म्हणाला, "तुझ्या आईनं डबा वाजवला की मी गाडी सोडायचो. सव्वीस वर्षं. माणसं चढली का, कुणाचा पाय पायरीवर आहे का, ते बघायला मी एकदाही आरशात पाहिलं नाही. आणि एकाचंही बोट दुखलं नाही. आता ती निघायचं म्हणतेय तर मी तुझ्या मोटारवाल्याला विचारू?"

पलीकडून ओराथाईनं एवढंच विचारलं की गोळ्या कोण आठवणीनं देईल. आई देईल, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

चाळीस वर्षांत त्यानं हे तिला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, आताही तो पोरीलाच म्हणाला. फोंगचान उगाच उन्हाकडे बघत राहिली. गाडी चालवणाऱ्याचं नाव होतं, गाडी त्याची म्हणायचे, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आज तिची मान आपोआप ताठ झाली, पायरीवर असायची तशी.

पानकेवनं ते पान मागून घेतलं. चार गावांच्या वर त्यानं स्वतःच्या हातानं लाम्फून लिहिलं, आणि लगेच ड्रायव्हरच्या डोळ्यानं कुरकुरला की वाट वाकडी होते, लाम्फून मावळतीला आणि बाकीचं सगळं उगवतीला. ती म्हणाली, वाकडी नाही, आधी तुमचा, मग माझा. अष्टमीला लाम्फून, घरी येऊन झाडांना पाणी, थिपकडे दोन रात्री, पौर्णिमेला नान. दोन्ही दिवस पूजेचे आहेत, तिनं दिनदर्शिकेत आधीच बघून ठेवलं होतं. त्याला खोट काढायला जागा राहिली नाही, तरी त्यानं एक काढली. फ्रेला दुपारी उतरायचं नाही, त्या स्टँडला दुपारी सावली नसते.

"बरं. पण बसमध्ये तुम्ही मागच्या बाकावर," फोंगचान म्हणाली. "पुढे बसलात तर पायानं ब्रेक दाबत राहाल आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिकवाल."

"आणि तू लोकांच्या पोरांचे दात बघू नकोस."

ती परत सुपाशी आली. उरलेला भात कोरडा पडायला लागला होता. तिनं हात ओला करून तो मऊ केला आणि राहिलेलं निम्मं सूप भरलं. यातल्या वीसेक चकत्या लाम्फूनला वाहायला बाजूला काढायच्या, वीस नानला, बाकी थिपच्या घरी. सूप उन्हात सरकवून ती हात धूत होती, तेव्हा मागे खुर्ची करकरली. पानकेव उठून दाराशी गेला होता आणि जोड्यांच्या फळीखाली वाकून काहीतरी शोधत होता. त्याच्या हातात चामड्याची जुनी सँडल आली, धूळ बसलेली. वर्षभर ती कुणी घातली नव्हती. एका पायाचा पट्टा तुटलेला होता. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि तिच्यासमोर धरली.

फोंगचाननं सँडल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली. चांभार बाजाराच्या मागच्या दाराशी बसतो आणि जेवायच्या वेळेला उठून जातो. तो उठायच्या आत तिला तो पट्टा शिवून आणायचा होता.